आखिमची अझेलिया

ओल्शिनेक,
झावळ्यांचा रविवार, ९ एप्रिल १९९५

प्रिय ट्राउडे,

दर एप्रिलमध्ये मी तुला एक कार्ड टाकते. त्यावर तीनच ओळी असतात. थंडी कशी गेली, अझेलियाला कळ्या किती धरल्या, आणि मेच्या कोणत्या आठवड्यात यावंस. या वर्षी कार्ड आलं नाही म्हणून तू एव्हाना पोस्टमनचं डोकं खाल्लं असशील. कार्ड आणून ठेवलंय, ते माझ्या पुढ्यातच आहे. पण जे लिहायचंय ते त्यावर मावायचं नाही. एक विनंती करते. हे पत्र दारातच उभ्या उभ्या वाचू नकोस. चष्मा लाव, खुर्चीत बस, आणि मधे कुठे फाडून टाकावंसं वाटलं तरी फाडू नकोस. जर्मनमध्ये चुका सापडतील. ही भाषा मी तुझ्याकडून शिकले, पुढे पंचवीस वर्षं शाळेत पोरांना शिकवली, पण आज सकाळपासून साधे शब्द आठवत नाहीयेत.

आधी बागेची खबर. फेब्रुवारीत मोठं वादळ झालं. ओढ्याच्या वरच्या अंगाचा तो जुना बीच वृक्ष, ज्याच्या बुंध्यावर तुझ्या आजोबांनी फळीचा बाक ठोकला होता, तो मुळांसकट उपटला. पडताना त्याने बरीच जमीन उचलून घेतली. त्याच्याच अंगाला आखिमच्या कबरीवरची अझेलिया होती हे मी तुला सांगायला नको. घाबरू नकोस, झुडपं वाचली. व्हितेकने ती मातीच्या गड्ड्यासकट काढून नर्सरीच्या सावलीत नेऊन ठेवलीत, ओल्या पोत्यांत बांधून. माझा भाऊ माणसांशी कसा वागतो ते तुला माहीत आहे, पण झाडांशी बोलताना त्याचा आवाज बदलतो. पिवळ्या झुडपाला तर कळ्याही धरल्यात.

तुला ती पहिली भेट आठवते का? चौऱ्याहत्तर साल, मे महिना. फाटकापाशी जर्मन लोकांची बस थांबली आणि त्यातून तू उतरलीस, रबरी बूट घालून. आकाशात एक ढग नव्हता! व्हितेक फाटकावर होता, अठ्ठावीस वर्षांचा, नुकताच बागेचा मुख्य माळी झालेला. तो म्हणाला, "बाई, तिकीट." तू जर्मनमध्ये ओरडलीस, "मी या घरात जन्मले आणि मी तिकीट काढू?" त्याला एक अक्षर कळलं नाही. तो आत येऊन मला म्हणाला, "ब्रोन्या, बाहेर ये बाई. एक जर्मन बाई माझ्यावर भुंकतेय." मी एप्रनला हात पुसत बाहेर आले, आणि अठ्ठावीस वर्षांनी तुला तुझ्या भुवयांवरून ओळखलं. आपण दोघी तिथेच, फाटकात, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. व्हितेक बाजूला उभा राहून तिकिटांचं पुस्तक या हातातून त्या हातात करत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "राहू दे तिकीट. पण फाटकातून बाजूला व्हा, मागे रांग लागलीय."

त्या दिवशी आई तुला भेटली नाही. तिला बरं नाही असं मी सांगितलं. ती आजारी नव्हती, ट्राउडे. ती कोठीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसली होती, आतून कडी लावून. तू जाईपर्यंत बाहेर आली नाही. दर वर्षी असंच व्हायचं. फळीच्या पुलावरून तुझे बूट वाजले की आई उठून आत जायची.

आणि त्याच दिवशी तू मला विचारलंस, "आखिमला पुरलं तेव्हा तू का आली नाहीस? तू माझी मैत्रीण होतीस. मी सारखं मागे वळून बघत होते." मी म्हणाले, मला ताप होता. तू लगेच माफ केलंस. वर म्हणालीस, "हो का? उगाच इतकी वर्षं मनात धरून बसले मी." ते ऐकून मला जे झालं, ते सांगायला मला जर्मनमध्येच काय, कुठल्याच भाषेत शब्द सापडलेला नाही.

मागचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी मला ते माझ्या बाजूने एकदा लिहू दे. शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत आम्ही इथे आलो. बाबांना पंचेचाळीसच्या आधीच सैन्यात नेलं होतं. आईच्या अंगावर व्हितेक होता, ऑगस्टमध्ये जन्मलेला. युद्ध संपलं, सीमा सरकल्या आणि आमचं गाव सीमेपलीकडे गेलं, तेव्हा आम्हाला मालगाडीत घालून पश्चिमेला, तुम्हा जर्मनांकडून नुकत्याच काढून घेतलेल्या या मुलखात, पाठवलं. पाच आठवडे त्या डब्यात होतो. मधे पत्र्याची एक शेगडी होती, तिच्याभोवती म्हाताऱ्या बसायच्या. एवढं मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. इथे पोचल्यावर एका शिपायाने कागद दिला: माळ्याचं घर, वरचा मजला. खाली तुम्ही. तुझे आजोबा, तुझी आई, तू, आणि पाळण्यात तुझा तान्हा भाऊ आखिम. तुझ्या आजोबांनी दार उघडलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिन्यावरचे आपले बूट उचलून बाजूला ठेवले. आम्हाला वर जायला वाट करून दिली.

तुझ्या आईला दूध येत नव्हतं. दिवसभर आखिमचं रडणं जमिनीतून वर यायचं. तिसऱ्या दिवशी माझी आई उठली, खाली गेली, आणि तुझ्या आईच्या हातातून त्याला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तुझी आई फक्त "बिट्टे, बिट्टे" म्हणत राहिली. तो शब्द विनवणीचा, हे मला नंतर तुझ्याकडून कळलं. मी जिन्यावर होते, तू दारात होतीस. आपली ओळख तिथे झाली. तू मला जीभ काढून दाखवलीस आणि मीही काढली.

आता पहिली गोष्ट सांगते, जी तुला कधीच कळली नाही. आमच्या आईला दूध होतं, कारण ते पिणारा उरला नव्हता. आमचा व्हितेक गाडीतच गेला होता, इथे पोचायच्या सोळा दिवस आधी. गाडी कुठल्याशा आडबाजूच्या स्टेशनवर उभी होती. जमीन गोठून दगड झाली होती. डब्यातल्या दोन माणसांनी रुळाच्या कडेची खडी उपसून खड्डा केला. त्या स्टेशनचं नावसुद्धा आम्हाला वाचता आलं नाही, पाटी बर्फाने झाकलेली होती. इथे आल्यावर आईने कोणाला काही सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा तिच्या सांगण्यावरून मी म्हणाले होते, आमचं बाळ मावशीकडे आहे, मागून येईल. कागदावर आम्ही तिघं होतो, आई, मी आणि व्हितोल्ड, आणि ते कागद तसेच राहिले.

तू इथपर्यंत वाचून थांबली असशील. थांब. पण पुढे वाच.

मेमध्ये बाग फुलली. मी आयुष्यात पहिल्यांदा अझेलिया पाहिली. आमच्या तिकडे बाग म्हणजे कांदे आणि कोबी. इथे ओक आणि बीचच्या उंच झाडांखाली, अंधाऱ्या सावलीत, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी, पिवळं, गुलाबी असं पेटलेलं काहीतरी, आणि त्या पिवळ्याचा वास, मधासारखा, इतका दाट की डोकं दुखायचं. त्याच आठवड्यात तुझ्या आईला टायफस झाला म्हणून शहराच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. आजोबा तरीही रोज सकाळी खुरपं घेऊन बागेत जायचे. आई मला म्हणाली, "बघ तो म्हातारा. बाग त्याची राहिली नाही, तरी तण काढतोय." आखिम तेव्हापासून रात्रंदिवस वरच, आमच्याकडे असायचा.

जुलैमध्ये त्याला आव लागली. आणि त्याच आठवड्यात फर्मान आलं. जर्मन कुटुंबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चौकात हजर राहायचं, हाताने उचलेल एवढंच सामान. पुढे मालगाडी. त्या संध्याकाळी आई खाली गेली आणि तुझ्या आजोबांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, बाळ गेलं. पेटी खिळे मारून बंद केली आहे, रोग लागेल, उघडू नका. आजोबांनीच बीचखाली खड्डा खणला. तू पिवळी पानं आणि कुठून कुठून वेचलेली फुलं टाकलीस, कारण जुलैत अझेलियाला फुलं नसतात. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

मी का आले नाही, ते आज सांगते. मी वरच्या खोलीत खिडकीशी होते. माझ्या मांडीवर आखिम होता. त्याला आईने खसखशीच्या बोंडांचं पाणी पाजून झोपवलं होतं, आणि मला बजावलं होतं, "रडायला लागला तर तोंडावर हात ठेव, पण नाक मोकळं ठेव." पेटीत तीन विटा होत्या, आईच्या लोकरी शालीत गुंडाळलेल्या. पडक्या धुराड्याच्या ढिगातून त्या मीच उचलून आणल्या होत्या. मी अकरा वर्षांची होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

आखिम मेला नाही, ट्राउडे. तो जगला. तो व्हितेक आहे.

मी इथे पेन खाली ठेवलं होतं. चहा करून प्याले. तू ज्याच्याशी एकवीस वर्षं हुज्जत घालतेस, छाटणी चुकतेय म्हणून ज्याच्या हातातून कात्री ओढून घेतेस, ज्याला तू म्हणालीस, "माझे आजोबा अशी फांदी कधी कापत नसत," आणि जो तुला म्हणाला, "मग त्यांनाच बोलवा, मला सुट्टी द्या," तो तुझा भाऊ आहे. तू सांगितल्यावर मी भाषांतर करायचे, तेव्हा तुमच्या दोघांच्या भुवया एकसारख्या वर चढायच्या. मी तुमच्या मधे उभी राहून ते बघायचे.

आईने असं का केलं, हे मी तिला एकदाच विचारलं, वयाच्या विसाव्या वर्षी. ती कणिक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी एक पोर त्या डब्यात घालून बघितलं होतं. दुसरं घालणार नव्हते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तो माझ्या अंगावर वाढला होता." यापलीकडे ती कधी बोलली नाही. हे दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं जास्त खरं, ते मला आजही ठरवता येत नाही. तिने त्याचा जीव वाचवला असं मी स्वतःला सांगते. मग तुझा चेहरा आठवतो.

तुझ्या आजोबांना कळलं होतं का? मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी ती पेटी एकट्याने उचलली, तेव्हा क्षणभर थबकले. जन्मभर कुंड्या, रोपं, मातीची घमेली उचललेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा हात धरून फाटकाकडे जाताना ते मागे वळले, आमच्या खिडकीकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, तशीच हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग टोपी घातली आणि गेले. मी पडद्यामागे होते. ते आईचे आभार मानत होते, निरोप घेत होते, की नातवाचा निरोप घेत होते? तू म्हणाली होतीस की पुढच्याच हिवाळ्यात छावणीत ते गेले. त्यांनी तुला कधी काही सांगितलं नाही ना? मी हे तुला कितीदा तरी विचारणार होते.

बाबा त्या ऑक्टोबरमध्ये सैन्यातून आले. दारातच आईने त्यांच्या हातात बाळ दिलं. त्यांनी त्याला उंच उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "अगदी माझ्यावर गेलाय!" आई हसली. तिचं ते हसणं मी विसरलेले नाही. बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. आई एक्क्याऐंशीमध्ये गेली, तेव्हा वाटलं आता तुला सांगावं. पण बाबा होते. बाबा एकोणनव्वदमध्ये गेले, तेव्हा व्हितेकची बायको आजारी होती. मग ती गेली आणि तो एकटा पडला. मला दर वर्षी एक कारण सापडायचं, आणि दर वर्षी मेमध्ये तू यायचीस, कॉफीची पाकिटं आणि मेणबत्ती घेऊन.

त्या झुडपांपाशी तू त्याच्याशी बोलायचीस, तेव्हा मी चार पावलं मागे उभी असायचे. तुला वाटायचं मी तुझ्यासाठी येते. खरं सांगू? त्या पेटीत कोणीच नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात तिथे आमच्या व्हितेकला आणून ठेवलं होतं, त्या रुळांच्या कडेवरून. आईनेही तेच केलं असणार. दर नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी ती तिथे मेणबत्ती लावायची. शेजारची स्तेफ्का टोमणा मारायची, "जर्मनाच्या पोराला मेणबत्ती! तुझ्याकडे मेण उतू चाललंय वाटतं." आई काडी ओढून वात पेटवायची. मी त्या वाटेने एकटी कधी गेले नाही, ट्राउडे. धुक्यात ओढ्याचा आवाज येतो, त्यात मला तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू यायचं. कुठल्या मुलाचं, ते कळायचं नाही. एक मेलेलं होतं आणि त्याला नाव उरलं नव्हतं. दुसरं जिवंत होतं आणि त्याच्या नावाने फुलं वाहिली जात होती. नर्सरीतून व्हितेकची शीळ ऐकू आली की मगच मी पुढचं पाऊल टाकायचे.

आता सत्त्याऐंशीचं वर्ष. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या दिवशी पाऊस थांबला होता, अझेलियाच्या पाकळ्या वाटेवर चिकटल्या होत्या. आपण बीचखालच्या बाकावर बसलो होतो आणि तू म्हणालीस, "ब्रोन्या, तुला एक सांगते. नवऱ्यालाही सांगितलं नाही. मी मारलं त्याला." तू म्हणालीस की त्या जुलैमध्ये तो भुकेने रडत होता, आणि तू कुंपणाशी उगवलेली कच्ची गूजबेरी तोडून, चावून, बोटाने त्याच्या तोंडात घातलीस. दुसऱ्या दिवशी तो आजारी पडला. तू एक्कावन्न वर्षांची होतीस आणि दहा वर्षांच्या मुलीसारखी ओठ चावत रडत होतीस. म्हणालीस, "म्हणून मी स्वतःची मुलं होऊ दिली नाहीत. माझा भरवसा वाटेना मला." मी तुझा हात हातात घेतला. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात व्हितेक ढकलगाडी घेऊन वळणावरून आला आणि म्हणाला, "काय, पुन्हा रडारड? चला, चुक्याचं सूप गार होतंय." तू डोळे पुसून हसलीस. आणि मी उठले. मी तुला सूप वाढलं, ट्राउडे. तुझ्या ताटात अंड्याचा अर्धा तुकडा जास्त घातला.

तू मला तुझ्या वडिलांचा फोटो दाखवलास, त्यालाही आता चार वर्षं झाली. गणवेशातला, कान थोडे पुढे आलेले, हनुवटीला खळगा. तो फोटो व्हितेक आत यायच्या आधी मीच घाईघाईने तुझ्या पर्समध्ये परत टाकला होता. तुला वाटलं, गणवेश बघून मला त्रास झाला.

आता मार्च. व्हितेक मला म्हणाला, "बीचमुळे ती जागा खचलीय. जर्मन बाई येण्याआधी मी त्या पोराला नीट दुसरीकडे ठेवतो. एक छोटा दगडही लावू, नाव कोरून." मी म्हणाले, कशाला, राहू दे. तो म्हणाला, "अगं, पावसाने पेटी उघडी पडेल. तिला तसं दिसलं तर?" मी त्याला अडवायला हवं होतं, पण मी बटाटे सोलत राहिले. पाद्रीबाबांना बोलावून त्याने प्रार्थना करवून घेतली आणि मग फावडं न वापरता हाताने माती काढली. दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. कोपरापर्यंत काळी माती. टेबलावर त्याने वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तीन विटा एकेक करून मांडल्या. शेजारी शालीचा तुकडा. त्या मातीत लोकर टिकते.

म्हणाला, "हाडं विरतात इथल्या मातीत, ते मला माहीत आहे. तू तेच सांगणार होतीस ना? पण विटा कोण पुरतं, ब्रोन्या?" तो शालीवरून बोट फिरवत होता. "ही वीण आईची आहे. माझे सगळे मोजे या विणीचे होते." मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "ते पोर कुठे गेलं?"

मी म्हणाले, "माझ्यासमोर बसलंय."

तो उठला, नळाखाली हात धुतले, नखांतली माती ब्रशने घासून काढली, आणि टोपी घालून कामाला निघून गेला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या दारात डबा ठेवायचे, संध्याकाळी तो रिकामा, धुतलेला परत यायचा. पाचव्या दिवशी आला. विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी नाही म्हणाले. "बरं झालं," म्हणाला. मग विचारलं, "आणि तू? तू इतकी वर्षं मला बघायचीस तेव्हा कोण दिसायचं?" मी म्हणाले, "भाऊ." तो म्हणाला, "कोणता?" मग तो स्वतःच माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ती बाई दर वर्षी माझ्यासाठी फुलं घेऊन येते. आणि मी तिला म्हणायचो, मेणबत्ती पानांपासून लांब लावा." एवढं बोलून तो टेबलावर डोकं टेकून रडला. पन्नाशीला आलेला माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, एवढंच मला पुरे होतं.

गूजबेरीची गोष्ट मी त्याला सांगितली. तो म्हणाला, "तिला आजच लिही. आज म्हणजे आज." तरीही मला तीन आठवडे लागले. तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही. तुझ्या गूजबेरीने कोणी मेलं नाही, हे वाक्य मी तुला आठ वर्षांपूर्वी त्या बाकावर द्यायला हवं होतं. न झालेली तुझी मुलं मला आता परत आणता येणार नाहीत. तू इथे आलीस आणि माझ्या तोंडाकडे न बघता सरळ नर्सरीत गेलीस, तर मी घरातच थांबेन. आणि अजिबात आली नाहीस, तर तेही मी समजून घेईन. त्याला मात्र समजणार नाही, तो रोज फाटकाजवळची वाट झाडतोय.

आता हे पत्र का लिहिलं ते. सांगायचं तर होतंच, पण खरं म्हणजे व्हितेकने मला एक काम सांगितलंय. येत्या ऑगस्टच्या बारा तारखेला आम्ही त्याचा पन्नासावा वाढदिवस करणार होतो. मी पाहुण्यांना सांगूनही ठेवलं होतं. परवा तो आला आणि म्हणाला, ते सगळं रद्द कर. मला वाटलं, त्याला आता आमच्यात राहायचं नाही. तसं नव्हतं. तो म्हणाला, "बारा ऑगस्ट त्या दुसऱ्याचा आहे. रुळाकडेला झोपलाय त्याचा. त्या दिवशी आपण दोघं त्याच्यासाठी मेणबत्ती लावू, आणि तीसुद्धा कोणाच्या उसन्या कबरीवर नाही, चर्चमध्ये, त्याच्या नावाने." मग टोपी हातात चुरगाळत दारात उभा राहिला, शाळेतल्या मुलासारखा. म्हणाला, "तिला एवढंच विचार. बाकी ती काय वाटेल ते बोलू दे, रागावू दे, मी ऐकून घेईन. पण मला पन्नास वर्षं होत आली, आणि माझा जन्म कोणत्या तारखेला झाला ते मला माहीत नाही. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. तिला आठवत असेल."

आठवतं का गं तुला?

तुझीच म्हणवून घ्यायला आता जीभ अडखळते, तरीही तुझीच,
ब्रोन्या